स्लीपमध्ये जाताना संगणक कोसळतो: पडदा काळा होतो, पंखे फिरत राहतात आणि काही मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होतो

अक्षरजुळारी_सांगली

नमस्कार. सांगलीत माझा अक्षरजुळणीचा आणि पाने लावण्याचा छोटा व्यवसाय आहे. संगणक दुकानातून असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप असून त्यात १६ जीबी रॅम, एसएसडी आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यामुळे त्याच यंत्रावर, आधीची सॉफ्टवेअर आणि फाइली तशाच ठेवून, विंडोज ११ चढवून घेतले. तोपर्यंत स्लीपची कधीही तक्रार नव्हती.

आता घडते ते असे. स्टार्ट मेनूतून स्लीप निवडले किंवा संगणक ठरलेल्या वेळेनंतर स्वतःहून स्लीपमध्ये जाऊ लागला, की मॉनिटर लगेच काळा होतो, पण कॅबिनेटचे पंखे थांबत नाहीत आणि समोरचा दिवाही लुकलुकत नाही. या अवस्थेत कळफलक, माऊस कशालाच प्रतिसाद मिळत नाही. काही मिनिटे तसेच राहिल्यावर यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते, आणि उघडी असलेली सर्व कामे गेलेली असतात. विंडोज कोसळल्यावर येणारा निळा पडदा मी एकदाही पाहिलेला नाही. क्वचित एखाद्या वेळी स्लीप व्यवस्थित लागतेही, त्यामुळे नेमके कारण हाती लागत नाही.

दुकानदारांचे म्हणणे असे की सरळ फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावे. ते मला परवडणारे नाही, कारण जुन्या फाँटमध्ये जुळवलेली अनेक पुस्तके आमच्याकडे आहेत आणि ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात ते यूएसबी लॉकवर, म्हणजे पोर्टला लावून ठेवायच्या परवान्याच्या छोट्या उपकरणावर, चालते. त्याची मांडणी पुन्हा बसवणे फार वेळखाऊ आहे. स्लीप कायमचे बंद ठेवा, असाही सल्ला मिळाला. परंतु दिवाळी अंकांच्या दिवसांत एकाच वेळी अनेक पाने, प्रूफे आणि चित्रे उघडी असतात, आणि दुपारी जेवायला उठताना ती सगळी बंद करून नंतर पुन्हा मांडणे शक्य होत नाही. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर संगणक दिवसभर पूर्ण चालू ठेवण्यात अर्थ नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकून पाहिला, विषाणूंची तपासणी केली. फरक पडलेला नाही. पुढे काय तपासावे, कोणत्या क्रमाने तपासावे, हे कोणी सांगू शकेल का?

कर्नलवाचक

नमस्कार ताई. आपण वर्णन इतके नीट दिले आहे की त्यातूनच अर्धा शोध लागतो. फॉरमॅट आत्ता मुळीच करू नका. फॉरमॅटने दोष गेला तरी तो कशामुळे होता हे कळणार नाही, आणि तेच सॉफ्टवेअर, तेच ड्रायव्हर पुन्हा बसवल्यावर तो परतही येऊ शकेल.

स्लीप म्हणजे एखादे बटण दाबून दिवा मालवण्यासारखी एकच क्रिया नाही. विंडोज आधी चालू प्रोग्रॅमना सूचना देते. मग प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ‘आपापले उपकरण कमी विजेच्या अवस्थेत न्या आणि झाले की कळवा’ असा आदेश जातो. हे क्रमाने होते: यूएसबी हबला जोडलेले उपकरण आधी झोपते, मग हब, मग नियंत्रक. सर्वांची उत्तरे आली की शेवटी ताबा मदरबोर्डच्या फर्मवेअरकडे, म्हणजे बोर्डवरच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरकडे, जातो, आणि तेव्हा कुठे मुख्य वीजपुरवठा बंद होऊन पंखे थांबतात. या शेवटच्या अवस्थेला वीज-व्यवस्थापनाच्या एसीपीआय या १९९६ सालच्या मानकात एस-३ असे नाव आहे: रॅम जिवंत, बाकी बहुतेक सर्व बंद.

आपले पंखे थांबतच नाहीत. याचा अर्थ यंत्र एस-३ पर्यंत पोहोचतच नाही. वाटेत कोणीतरी अडले आहे. एखादा ड्रायव्हर उत्तर देत नाही असे दिसले की विंडोज काही मिनिटे वाट पाहते आणि मग मुद्दाम स्वतःला कोसळवते, म्हणजेच निळा पडदा आणते. पण मॉनिटर त्याआधीच बंद झालेला असल्याने तो पडदा आपल्याला दिसत नाही. ‘काही मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट’ हे लक्षण या कहाणीशी तंतोतंत जुळते. हा माझा अंदाज आहे. पुरावा यंत्रातच नोंदलेला असेल.

तो असा पाहावा. विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टिम या भागात जावे आणि कोसळण्याच्या वेळेच्या आसपास ‘कर्नल-पॉवर’ या स्रोताची ४१ क्रमांकाची नोंद शोधावी. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती नोंद वरवर सांगते आणि पुष्कळ लोक तिथेच थांबतात. पण तिच्या डिटेल्स या टॅबमध्ये ‘बगचेककोड’ नावाचा आकडा असतो. तो शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवण्याची संधीच मिळाली नाही. वीज गेली, एसएमपीएसने (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याने) दगा दिला किंवा यंत्र पूर्ण गोठले. तो १५९ असेल तर ते षोडशमानातले ९एफ होय, आणि ९एफ म्हणजे ड्रायव्हरने वीज-अवस्था बदलण्याचा आदेश पूर्ण केला नाही. त्याच यादीत ‘स्लीपइनप्रोग्रेस’ हाही रकाना आहे. स्लीपची क्रिया सुरू असताना घटना घडली की नाही, ते त्यावरून कळते. त्याच्या अगोदर ४२ क्रमांकाची नोंद, म्हणजे ‘यंत्र स्लीपमध्ये जात आहे’, दिसते का तेही पाहावे.

याखेरीज कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि त्याला जोडून ए हे अक्षर असे टाइप करा. आपल्या यंत्रात स्लीपच्या कोणत्या अवस्था उपलब्ध आहेत आणि संमिश्र स्लीप (रॅम जिवंत ठेवून डिस्कवरही प्रत ठेवणारी) उपलब्ध आहे का, हे ती सांगेल. आकडे इथे कळवावेत.

अक्षरजुळारी_सांगली

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. प्रत्येक वेळी आधी ४२ आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ४१ अशी जोडी दिसते. ४१ च्या तपशिलात बगचेककोड १५९ आहे आणि त्याखालच्या पहिल्या पॅरामीटरमध्ये ३ हा आकडा आहे. स्लीपइनप्रोग्रेसमध्ये शून्य नाही. पॉवरसीएफजीच्या उत्तरात एस-३, हायबरनेट, संमिश्र स्लीप आणि फास्ट स्टार्टअप उपलब्ध असल्याचे लिहिले आहे.

तेवढ्यात दुकानदारांनी एसएमपीएस बदलून पाहण्याचा सल्ला दिला आहे. तो खर्च करावा का?

मल्टिमीटर

एसएमपीएसविषयी मी लिहितो, कारण दुरुस्तीच्या कामात माझा रोजचा संबंध त्याच्याशी येतो आणि स्लीपच्या तक्रारींत तो खरोखरच पुष्कळदा दोषी असतो. तरीही आपल्या प्रकरणात तो बदलण्याची घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण असे. यंत्र एस-३ मध्ये गेले की एसएमपीएसमधले १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट हे मुख्य मार्ग बंद होतात आणि फक्त ‘स्टँडबाय’ ५ व्होल्टचा मार्ग चालू राहतो. २४ पिनांच्या जोडणीतली जांभळी तार ती हीच. स्लीपमध्ये रॅमला जिवंत ठेवण्याचे काम या एकट्या मार्गावर असते. त्याचे कपॅसिटर फुगले किंवा कमजोर झाले, तर चालू यंत्रात काहीच जाणवत नाही, कारण तेव्हा मुख्य मार्ग भार उचलत असतात. पण स्लीप लागताच व्होल्टेज खचते, रॅममधला मजकूर नाहीसा होतो आणि जागे करायला गेले की यंत्र थेट पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी पंखे थांबतात, दिवा लुकलुकू लागतो, सर्व काही ठीक वाटते आणि घात नंतर होतो. शिवाय इव्हेंट ४१ मध्ये कोड शून्य येतो.

आपल्याकडे पंखे थांबलेले नाहीत, म्हणजे मुख्य मार्ग अजून चालूच आहेत, आणि कोड १५९ आला आहे, म्हणजे विंडोज शेवटपर्यंत शुद्धीवर होते आणि त्याने कारण लिहून ठेवले. कमजोर एसएमपीएस असे नेमके कारण लिहू देत नाही.

तरीही खात्रीच करायची असेल तर जाणकाराकडून जांभळ्या तारेवरचे व्होल्टेज जोडणीच्या मागच्या बाजूने मोजून घ्यावे, ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान असेल तर ते मर्यादेत आहे. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नये. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक असू शकतो, आणि हे मी कळकळीने सांगतो.

बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवण्याची सेटिंग) चालू असेल तर तपासणीपुरता बंद ठेवावा; बाकी हार्डवेअरला सध्या हात लावू नये.

डंपवाचन

१५९ आणि पहिला पॅरामीटर ३, एवढ्यावरून आता प्रश्न ‘हार्डवेअर की सॉफ्टवेअर’ असा राहिलेला नाही. ३ चा अर्थ असा की एका विशिष्ट उपकरणाने विजेसंबंधीचा आदेश दीर्घकाळ अडवून धरला. (तिथे ४ असता तर अर्थ थोडा वेगळा, म्हणजे प्लग अँड प्ले यंत्रणेशी जुळवून घेताना वेळ संपला असा, निघाला असता.) आता ते उपकरण कोणते, एवढेच शोधायचे आहे आणि ते मिनिडंप फाइलमधून, म्हणजे कोसळताना विंडोज स्मृतीची जी छोटी प्रत लिहून ठेवते तिच्यातून, सापडण्याची शक्यता चांगली आहे.

सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमध्ये मिनिडंप नावाचे फोल्डर पाहा. त्यात तारखेनुसार छोट्या फाइली असतील. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून अशा फाइली वाचण्याचे विनडीबीजी हे साधन मोफत मिळते. त्यात ती फाइल उघडून विश्लेषणाची आज्ञा द्यावी, म्हणजे उद्गारचिन्ह, लगेच ‘ॲनालाइझ’, मग जागा सोडून वजाचे चिन्ह आणि व्ही. पहिल्यांदा चिन्हसूची (विंडोजच्या भागांमधल्या नावांच्या याद्या) उतरवून घेताना इंटरनेट लागते आणि वेळही लागतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण याच ठिकाणी सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष निघतात. विश्लेषणाच्या शेवटी साधन एका मॉड्यूलचे नाव दोषी म्हणून पुढे करते. यूएसबी उपकरणांच्या बाबतीत ते नाव अनेकदा विंडोजच्या स्वतःच्या यूएसबी हब ड्रायव्हरचे असते, आणि लोक मदरबोर्ड किंवा विंडोजला दोष देऊन मोकळे होतात. वास्तविक एका उपकरणावर ड्रायव्हरांचे अनेक थर असतात. तळाचा हबचा थर हा केवळ पत्ता असतो, अडवणारा वरच्या थरात बसलेला असू शकतो. म्हणून चौथ्या पॅरामीटरमधला पत्ता घ्यावा, उद्गारचिन्ह आणि ‘आयआरपी’ ही (ड्रायव्हरांकडे गेलेला आदेश दाखवणारी) आज्ञा लिहून त्यापुढे तो पत्ता द्यावा. जी यादी येईल तिच्यात एका ओळीच्या सुरुवातीला बाणाचे टोक दिसेल. आदेश त्या क्षणी ज्या ड्रायव्हरच्या हातात होता तो त्या ओळीवर असतो. तिथे त्रयस्थ कंपनीचा ड्रायव्हर दिसला, तर त्याची तारीखही पाहावी.

मिनिडंपमध्ये कधी कधी ही यादी अपुरी येते. तसे झाल्यास सिस्टिम प्रॉपर्टीजमधील स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागात कर्नल मेमरी डंप निवडून पुढच्या घटनेची वाट पाहावी लागेल. पेजिंग फाइल सी ड्राइव्हवरून बंद केलेली नाही ना, याची खात्री करावी, नाहीतर डंप लिहिलाच जात नाही. आणि डंप फाइल कोठेही सार्वजनिकपणे चढवू नये, कारण तिच्यात यंत्राच्या स्मृतीचा भाग असतो.

आपण यूएसबी लॉकचा उल्लेख केला आहे आणि विंडोज ११ जुन्यावरच चढवले आहे. अशा अपग्रेडमध्ये जुने ड्रायव्हर बहुधा तसेच पुढे येतात. माझी पहिली शंका तिथे आहे, पण बाणाची ओळ पाहिल्याशिवाय ती शंकाच समजावी.

रात्रपाळी_पुणे

वरच्या मार्गाला समांतर अशी एक सोपी कसोटी सुचवतो. लिनक्सचा कोणताही प्रचलित लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून संगणक त्यावरून सुरू करावा, काहीही इन्स्टॉल न करता, आणि तिथून सस्पेंड (लिनक्समधले स्लीप) करून पाहावे. पंखे थांबले आणि यंत्र नीट जागे झाले, असे सलग पुष्कळदा झाले, तर मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस आणि फर्मवेअर यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. सस्पेंड करण्याआधी ‘सिस’मधील ‘पॉवर’ या फोल्डरातील ‘मेम-स्लीप’ ही फाइल वाचून ‘डीप’ हा शब्द चौकोनी कंसात आहे ना, एवढे पाहावे. ‘एस-टू-आयडल’ निवडलेले असेल तर ती हलकी झोप असते आणि कसोटी निरुपयोगी ठरते.

लॉक जोडलेला असला तरी तिथे त्या कंपनीचा विंडोजचा ड्रायव्हर नसतो. म्हणून लॉक जोडून लिनक्समध्ये स्लीप व्यवस्थित लागले आणि विंडोजमध्ये लागले नाही, तर दोष उपकरणापेक्षा ड्रायव्हरमध्ये असण्याकडे कौल जातो.

अक्षरजुळारी_सांगली

सर्वांचे आभार. भाचा अभियांत्रिकीला आहे, त्याच्या मदतीने दोन्ही गोष्टी केल्या.

लाइव्ह लिनक्समध्ये ‘डीप’ निवडलेले होते. लॉक जोडलेला असताना आणि काढलेला असताना, दोन्ही प्रकारे स्लीप बिनचूक लागले. विनडीबीजीने सांगितल्याप्रमाणे यूएसबी हबचेच नाव पुढे केले. पण आयआरपीच्या यादीत बाणाची ओळ लॉकच्या ड्रायव्हरवर होती, आणि त्या ड्रायव्हरची तारीख विंडोज ७ च्या काळातली निघाली. त्यानंतर लॉक काढून, संगणक रीस्टार्ट करून विंडोजमध्ये स्लीप करून पाहिले. एकदाही कोसळला नाही. क्वचित स्लीप नीट लागायचे ते बहुधा लॉक लावलेला नसतानाच, कारण नव्या युनिकोड कामांना तो लागत नाही आणि मी तो काही वेळा काढून ठेवते.

सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याने लॉकचा नवीन ड्रायव्हर पाठवला आहे. तो जुन्यावरच बसवावा की आधी जुना काढावा? लॉकमधला परवाना जाईल अशी भीती वाटते. आणि तोपर्यंत स्लीपऐवजी हायबरनेट वापरले तर चालेल का?

कर्नलवाचक

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: हायबरनेटने सुटका होणार नाही. रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद करायचे असले तरी ड्रायव्हरांना विजेचा आदेश जातोच, आणि तोच ड्रायव्हर तिथेही अडू शकतो. नवा ड्रायव्हर बसेपर्यंत, उठण्यापूर्वी जुन्या फाँटची कामे जतन करून सॉफ्टवेअर बंद करावे, लॉक काढावा आणि मग स्लीप करावे.

जुना ड्रायव्हर आधी काढावा. हार्डवेअर लॉकमध्ये परवाना लॉकच्या आतल्या चिपमध्ये असतो, संगणकावरील ड्रायव्हरमध्ये नसतो. तरी विक्रेत्याला फोनवर एकदा विचारून घ्यावे आणि सिस्टिम रिस्टोअर पॉइंट करून ठेवावा. लॉक काढलेल्या स्थितीत डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा, फिकट दिसणारी लॉकची नोंद अनइन्स्टॉल करावी आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करावी. एकाच लॉकच्या अनेक नोंदी असतील, कारण तो वेगवेगळ्या पोर्टांना लागलेला असतो, सर्व काढाव्यात.

त्यानंतर रीस्टार्टच करावे, शटडाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि त्यासोबत लोड झालेले ड्रायव्हर हायबरनेशन फाइलमध्ये साठवले जातात आणि पुढच्या वेळी तेच परत येतात. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने लोड होते. मग नवा ड्रायव्हर बसवावा आणि शेवटी लॉक जोडावा.

संमिश्र स्लीप चालू असेल तर ते तसेच राहू द्या. स्लीपमध्ये असताना इन्व्हर्टरही संपला तरी डिस्कवरील प्रतीतून आपली उघडी पाने परत मिळतील.

अक्षरजुळारी_सांगली

विक्रेत्याने परवाना लॉकमध्येच असल्याचे सांगितल्यावर याच क्रमाने सर्व केले. आता लॉक लावलेला असताना, सॉफ्टवेअर उघडे असतानाही स्लीप लागते, पंखे थांबतात, दिवा लुकलुकतो. फक्त जागे झाल्यावर एखाद्या वेळी सॉफ्टवेअर ‘लॉक सापडत नाही’ असा संदेश देते आणि लॉक काढून पुन्हा लावला की चालू लागते. यावर उपाय आहे का?

डंपवाचन

आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॉक ज्या यूएसबी रूट हबवर आहे त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधील ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी’ काढून टाका, आणि पॉवर ऑप्शन्समधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. ही सोय संगणक चालू असतानाच्या काळापुरती असते; त्यामुळे स्लीपवर तिचा परिणाम होणार नाही. शक्य असल्यास लॉक समोरच्या पोर्टऐवजी मागे, थेट मदरबोर्डवरच्या यूएसबी २.० पोर्टला लावा. समोरच्या पोर्टांची लांब तार आणि मधला हब यांच्यामुळे जागे होताना ओळख पटायला उशीर होऊ शकतो.

अक्षरजुळारी_सांगली

लॉक मागच्या पोर्टला हलवला आणि दोन्ही सेटिंग्ज बदलल्या. आज दुपारी आणि संध्याकाळी संगणक जागा झाला तेव्हा जुन्या फाँटची पाने जशीच्या तशी उघडी होती आणि लॉकचा संदेश आला नाही. प्रश्न सुटला अशी धाग्यावर खूण करत आहे.